राहिलेला हात

४ मार्च

आई,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच बराच वेळ गेला. मानाचं काही लिहायला हात वळेना आणि बिनमानाचं लिहायची सवय तू लावली नाहीस. म्हणून नुसतं आई. अक्षर ओळखशीलच.

तुझं पुस्तक वाचलं.

विकत घेतलं नाही, हे आधीच सांगते. मी ज्या दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, तिथल्या डॉक्टरबाईंनी ते माझ्या हातात कोंबलं. "वाच, आणि उद्याची रजा हवी असेल तर आत्ताच सांग," म्हणाल्या. त्यांनी ते एका बैठकीत संपवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी एका माणसाची अक्कलदाढ काढली होती. आमच्या बाकावर तिघं बसलेले असले तर सध्या दोघांच्या हातात तुझं पुस्तक असतं. परवा एक बाई आत जायलाच तयार होईना. नंबर पुकारला तर म्हणाली, पाच पानं राहिलीत, पुढच्याला सोडा. एवढा दुखरा दात घेऊन. याला तुझ्या लेखणीचं यश म्हणायचं.

लेखिका कोण हे डॉक्टरबाईंना ठाऊक नाही. तू माहेरचं नाव लावलंयस, मीही तोंड उघडलं नाही. मागच्या कव्हरावरच्या फोटोवरून ओळखलं. फोटो छान आलाय. गळ्यावरच्या सुरकुत्या तूच काढल्यास ना? दुसऱ्या कुणाच्या हाताला इतकी सफाई नाही.

लोकांनी एवढं डोक्यावर घेतलंय म्हणजे आत काहीतरी असेल, असं धरून मी बसले. काय आहे आत? शहराला कंटाळलेली एक मुलगी लहानशा गावात येते, ओळखपत्रासाठी फोटो काढायला स्टुडिओत जाते आणि फोटोग्राफरच्या प्रेमात पडते. गावात औषधालासुद्धा वाईट माणूस नाही. पाववाला पहाटे गाणी म्हणतो. स्टेशनमास्तर या दोघांसाठी गाडी थांबवून धरतो. नायक फार बोलत नाही, पण बोलतो तेव्हा असं बोलतो की वाचणाऱ्या बायका पेन्सिलीने खुणा करतात. सगळं गाव धुऊन, इस्त्री करून घडी घातलेलं.

आपला पाववाला दम्याने खोकायचा, गाणी कधी म्हणायचा? स्टुडिओ बसस्टँडच्या मुतारीला लागून होता आणि डार्करूममधल्या, फोटो धुवायच्या हायपोचा वास त्यात मिसळायचा, म्हणून लोक रुमाल नाकाला लावून फोटो काढून घ्यायला बसायचे आणि बाबा ओरडायचे, रुमाल काढा. हे कुठल्या प्रकरणात आहे? मला सापडलं नाही. पण ते जाऊ दे. खोटं गाव लिहिल्याचा मला राग नाही. लोकांना गोड लागतं ते तू वाढलंस.

मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी ओळखीच्या वस्तू शोधत शोधत वाचत गेले. एका पायाने आखूड असलेलं ते स्टूल सापडलं. पडद्यावर रंगवलेला सज्जा आणि त्याच्या खांबावरची चीर सापडली. काचेचं, खालून दिवा लागणारं तुझं टेबल, पातीने तासून सुईसारख्या केलेल्या पेन्सिली, निगेटिव्हवरचे लोकांचे तीळ आणि देवीचे वण पुसत वाकलेली तुझी मान, सगळं जागच्या जागी. पायरीवर झोपणारं लंगडं कुत्रंसुद्धा आहे. त्याला तर तू अख्खं प्रकरण दिलंयस.

मी नाही.

आधी वाटलं, पुढे येईन. त्यांचं लग्न झालं तेव्हा मी पानं सावकाश उलटायला लागले. मग घराला रंग दिला. मग नवा कॅमेरा आला. मग नायकाचे केस पांढरे झाले. मी बोट घालून मागे गेले, एखादं पान चिकटलं असेल म्हणून. तीनशे पानांत कुत्रं म्हातारं होऊन मरतं, आणि मी जन्मालाच येत नाही.

मला वाईट वाटलं, आई. राग नंतर आला. फोटोतून माणूस काढायला लोक कुठून कुठून तुझ्याकडे यायचे, आठवतं ना? भावाशी फाटलं, नवऱ्याने टाकलं, भागीदार पळाला, की तो घरचा ग्रुप फोटो घेऊन तुझ्याकडे. त्या कामात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. अजूनही नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, गाव ओळखीचं वाटलं. त्या म्हणाल्या, तीच तर गंमत आहे, सगळ्यांनाच वाटतं.

टपाल
(समोरच्या न्हाव्याने ठेवलेलं हे नाव तरी आठवत असेल.)


२१ मार्च

आई,

उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते. तरी दवाखान्यातून घरी आलं की आधी पेटीत हात घालते. सवय.

आज डॉक्टरबाईंनी नवे कप आणले. रुग्णांना चहा देतो ना आम्ही, दात काढायच्या आधी. कपावर तुझ्या नायकाचं वाक्य छापलंय. "दमली असशील. बस जरा, बाकीचं मी बघतो." बाजारात म्हणे उशांचे अभ्रे पण मिळतात. दिवसभर मी तो कप विसळत होते.

आता तू स्वस्थ बस आणि वाच. मधेच ठेवू नकोस.

त्या न्हाव्याने मला टपाल म्हणायला सुरुवात केली, कारण तू आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हता. पुढच्या खोलीत बाबा आणि कॅमेरा, मागच्या खोलीत तू आणि तुझं टेबल, मधे पडदा, आणि पडद्यातून दिवसभर जा-ये करणारी मी. "आईला सांग, गिऱ्हाईक फोटो मागतंय." "त्यांना सांग, अजून ओला आहे." "तिला सांग, भूक लागलीय." "त्यांना सांग, हात आहेत ना त्यांना." पडद्याआड दोन पावलांवर बसलेली माणसं, एकमेकांचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. तरी माझ्याशिवाय तुमचं एक अक्षर इकडून तिकडे जात नव्हतं. भांडण कशावरून लागलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. माझ्या आधीचं असणार, अशी मी आपली समजूत करून घेतली.

शाळेच्या ओळखपत्रांचं काम होतं ते वर्ष आठवतं? पोरांचे ढीगभर फोटो, प्रत्येकाच्या नाकावर काहीतरी. तुझी मान आखडली होती. बाबा पुढून म्हणाले, "तिला सांग, एवढा वेळ लावायचा तर धंदा बंद करून घरी बस म्हणावं." मी पडद्यातून आत आले. तू वर बघितलंस. मी म्हटलं, "बाबा म्हणाले, दमली असशील. बस जरा, बाकीचं मी बघतो."

तू पेन्सिल खाली ठेवलीस, स्टुलावर बसलीस आणि पडद्याकडे बघत राहिलीस. तुझा तो चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. मग मला घाम फुटला, कारण बाकीचं बघायला कुणीतरी यायला हवं होतं. मी पळत बाहेर गेले आणि बाबांना सांगितलं, आई म्हणाली, तुमच्याइतकं भराभर तिला जमत नाही, थोडे तुम्ही कापून द्याल का? तू असं काही म्हणाली नव्हतीस. ते कुरकुरत आले, फोटो कापायला बसले. एकमेकांशी बोलला नाहीतच, पण एका टेबलावर बसलात. त्या दिवशी मला कळलं की हे असं चालतं.

तेव्हापासून मी दोन्हीकडून साखर पेरत आले. तुझ्या पुस्तकात नायक म्हणतो, "तुझ्यासारखं काम कुणाच्या बापाला जमणार नाही." ते माझं. "तू आत आहेस एवढं कळलं तरी मला पुरतं." तेही माझं, तापात सुचलं होतं. "तू गप्प असलीस की स्टुडिओ मोठा वाटतो." हे पण माझंच. ते तेव्हाही जमलं नव्हतं. तू ते जसंच्या तसं घातलंयस.

बाबांनी तुला असलं काही म्हटलं नाही, आई. एकदाही नाही. ज्याच्या प्रेमात आमच्या बाकावरच्या बायका पडल्यात, तो तुझा नायक सात वर्षांचा होता. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि बस म्हणताना त्याची जीभ बाहेर यायची.

वाक्यं घे. मला त्यांचं काही करायचं नाही. कपावर छाप, उशीवर छाप. पण एक पोर ठेवायचंस गं कुठेतरी. नाव नको, प्रकरण नको. पडदा बाजूला सारून जाणारं एखादं पोर, एका ओळीत. कुत्र्याला दिलीस त्याच्या शंभराव्या हिश्श्याने चाललं असतं.

एवढंच मागणं आहे माझं. फार नाही.

टपाल


१५ एप्रिल

आई,

तू मला पाहिलंस, म्हणून लिहिते. नाहीतर हे पत्र लिहिलंच नसतं.

मी आपणहून आले नव्हते. डॉक्टरबाईंनी तुझ्या कार्यक्रमाचे दोन पास आणले होते. "चल, तुला लेखिका दाखवते," म्हणाल्या. मी डोकं दुखतंय म्हटलं, तर त्यांनी गोळी दिली. सभागृहाच्या मागच्या रांगेत, खांबाआड जागा मिळाली, तेवढं नशीब.

तू चांगली दिसत होतीस. करड्या रंगाचा कोट शोभतो तुला. बाबा शेजारच्या खुर्चीत. त्यांचे कान एवढे मोठे कधी झाले? सूत्रसंचालन करणाऱ्याने त्यांना विचारलं, खऱ्या आयुष्यातही आपण इतके हळवे आहात का? बाबा म्हणाले, "तिलाच विचारा." सभागृह हसून हसून लोळलं. शेजारची बाई मला म्हणाली, किती लाजतात बिचारे. त्या दोन शब्दांत आमचं घर होतं, ते एवढ्या लोकांत मला एकटीलाच दिसलं.

मग ती चष्मेवाली मुलगी उठली. तिने विचारलं, तुम्ही त्या दोघांना मूल का नाही दिलंत? खांबाच्या बाहेर मान काढून बघितलं मी तुझ्याकडे. तू पाणी प्यायलीस, पेला खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मूल आलं की दोघांचं बोलणं राहत नाही."

टाळ्या पडल्या. डॉक्टरबाईंनी पण वाजवल्या. त्यांना दोन मुलं आहेत.

म्हणजे ते भांडण माझ्या आधीचं नव्हतं. मी आल्यावर सुरू झालं, असं तुझं म्हणणं. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी तुमच्यामधला पूल आहे, आणि तुझ्या हिशेबी मी पडदा होते. घरी सांगितलं असतंस तर चाललं असतं. तीनशे माणसांत, माइकवर सांगितलंस.

मी बाहेर पडले, ते बाबांनी गाठलं. म्हणजे गाठलं असं नाही. ते व्हरांड्यात खिडकीशी उभे होते, मी समोर आले. मी इतक्या वर्षांनी दिसले तरी ना दचकले, ना कशी आहेस विचारलं. खिडकीतून खाली बघत म्हणाले, "आईला सांग, गाडी आलीय."

आणि मी गेले. नाही म्हणता आलं असतं मला. मी चाळिशीची बाई आहे, मला पगार मिळतो, माझ्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तरी मी वळले आणि सहीच्या रांगेत जाऊन उभी राहिले, कारण मधे घुसता येत नव्हतं. पुस्तकही विकत घ्यावं लागलं, नुसत्या माणसाला पुढे सोडत नव्हते. डॉक्टरबाई माझ्या पुढे होत्या. तुला म्हणाल्या, "ही आमच्या दवाखान्यातली. हिला तुमचं गाव ओळखीचं वाटलं."

तू मान वर केलीस. पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका पसरला. मी म्हटलं, "बाबा म्हणताहेत गाडी आलीय. सावकाश ये म्हणाले, घाई नाही."

सावकाश ये असं ते म्हणाले नव्हते. तोंडातून गेलं.

तू खाली बघितलंस आणि म्हणालीस, "त्यांना सांग, दहा मिनिटं." मग पहिल्या पानावर लिहिलंस, 'वाचकास सप्रेम.' खाली सही. पुढचा नंबर.

मी ते 'दहा मिनिटं' व्हरांड्यात जाऊन सांगितलं. वर म्हटलं, तोवर बसून घ्या म्हणाली, उभे राहू नका. ते बाकावर बसले. डॉक्टरबाईंनी विचारलं, तू त्यांना ओळखतेस? मी म्हटलं, निरोप द्यायला सांगितला होता. यात एक शब्द खोटा नाही.

बसमध्ये मी रडले. आता एक गोष्ट लिहून टाकते. मी घर सोडलं त्या दिवशीची. तुमचं वाजलं होतं आणि बाबा तुला उद्देशून म्हणाले होते, "तिला सांग, जायचं तर जा म्हणावं. इथे कुणी अडवलेलं नाही." मी पडद्याशी थांबले. दर वेळी त्या पडद्यात माझी पावलं हळू व्हायची, तेवढ्यात वाक्य जुळवायचं असायचं. त्या दिवशी काही सुचलं नाही. मी थकले होते, बस. जसं दिलं तसं दिलं. आणि तू निगेटिव्हवरून नजरसुद्धा न काढता म्हणालीस, "हे तू मनाचं सांगतेयस."

मनाचं सांगत होते तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवलास. एकदा खरं आणून दिलं, तर मी खोटारडी. त्यावर तू माझ्याशी बोलणंच टाकलंस, आणि आपल्या दोघींमधे निरोप न्यायला घरात आणखी कुणी नव्हतं, म्हणून मी निघाले.

त्यांना सांग, दहा मिनिटं. एवढ्या वर्षांत तू मला म्हटलेलं पहिलं वाक्य. मी ते किती वेळा मनात घोळवलं ते तुला सांगणार नाही.


२९ एप्रिल

आई,

हे पत्र रागाचं नाही. आधीची तिन्ही फाडून टाकलीस तरी चालेल, पण हे नीट वाच.

सहीचं पुस्तक घरात होतं म्हणून परत वाचलं. या वेळी वस्तू शोधत नव्हते. तू मला शिकवलंस तसं वाचलं. आठवतं का? गिरणीतल्या लोकांच्या ग्रुप फोटोतून तू एक माणूस काढला होतास. इतका साफ, की मागची भिंत, तिच्यावरचा पोपडासुद्धा तू रंगवून भरलास. फोटो गेला, आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं. काढलेल्या माणसाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर तसाच राहिला होता. माणूस नाही आणि हात आहे. तू दोन दिवस जेवली नाहीस. त्यानंतर माणूस काढलेला प्रत्येक फोटो तू पाकिटात घालायच्या आधी माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, हात मोज. मी तो खिडकीच्या उजेडात धरायची, बोट ठेवून मोजायची आणि सांगायची, हात बरोबर. मगच पाकीट बंद व्हायचं. निरोपांपेक्षा मला ते काम आवडायचं, कारण त्यात जे दिसेल तेच सांगायचं असायचं.

तर मी तुझं पुस्तक तसं मोजलं. आणि आई, हात राहिलाय.

शेवटून दुसरं प्रकरण. नायक स्टेशनवर गेलाय. नायिका डार्करूममध्ये एकटी आहे, स्टुडिओ बंद करायच्या आधीचा शेवटचा फोटो धुतेय. तू लिहिलंयस: "तिने शेवटचा कागद पाण्यातून काढला, दोरीला लावला, आणि 'डोळे मिट हं, दिवा लावते,' असं म्हणून बटण दाबलं."

कुणाला म्हणाली ती? नवरा घरात नाही. मूल तिला तू दिलं नाहीस. कुत्रं दोन प्रकरणं आधी मेलंय.

डॉक्टरबाई म्हणतात, ती स्वतःशीच बोलते, काय सुंदर जागा आहे. असेल. पण त्या टेबलाखाली कागदाचं रिकामं खोकं उलटं घालून कोण बसायचं ते त्यांना काय माहीत. तांबड्या उजेडात तास तास बसून डोळे सवयीचे झाले की पांढरा दिवा टोचायचा. तू दर वेळी आधी सांगायचीस. कितीही चिडलेली असलीस, बाबांशी कितीही वाजलेलं असलं, तरी बटण दाबायच्या आधी तेच, त्याच आवाजात. डोळे मिट हं, दिवा लावते. ते वाक्य मी जुळवलेलं नव्हतं, आई. कुणाच्या निरोपाचं नव्हतं. तू मला म्हणायचीस, थेट.

तू माझी वाक्यं वापरलीस त्याचं मला आता काही वाटत नाही. मला एवढंच सांग. तू हात मोजायला विसरलीस, की मुद्दाम ठेवलास? विसरली असलीस तरी चालेल. खरं सांगायचं तर विसरली असशील तर जास्त बरं. ठरवून ठेवलेलं एखादं वाक्य काय, कुणीही ठेवतं. पण एवढं सगळं पुसूनही तुझ्या हातून ते तिथे उतरलं असेल, तर मी त्या घरात होते आणि तुला माहीत आहे की होते.

बाकी काही नको. पुस्तकात आणखी पोर घालू नकोस. मला पुरतं.

मी रोज पेटी बघते.

तुझी मुलगी


२ ऑगस्ट

आई,

पुस्तक पोचलं. पेटीत मावेना म्हणून पोस्टमनने दवाखान्यात आणून दिलं. नवी आवृत्ती, कडक पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. कव्हरावर आता नायकाचं ते वाक्यही छापलंय. दमली असशील. बस जरा.

पाकिटावर तुझं अक्षर बघून मला काय वाटलं ते मी तुला कळू देणार नव्हते, पण आता काय. बाकावर सात रुग्ण बसले होते. मी आत जाऊन, औजारं उकळायच्या खोलीत दार लावून फोडलं.

आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने दोनच ओळी. "चूक दाखवलीस, बरं झालं. या आवृत्तीत काढली आहे."

मी लगेच ते पान उघडलं नाही. रुग्ण संपवले, कप विसळले, घरी आले, दिवा लावला, मग उघडलं. "तिने शेवटचा कागद पाण्यातून काढला, दोरीला लावला आणि बटण दाबलं." आता असं आहे. सांधा कुठे दिसत नाही. तिथे काही होतं असं कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही. तुझा हात अजून तसाच आहे.

मी दाखवलं नसतं तर ते तिथेच राहिलं असतं. शंभर आवृत्त्या निघाल्या असत्या तरी तुला ते दिसलं नसतं, बाबांना तर नाहीच. मीच बोट ठेवून दाखवलं. लहानपणी दाखवायचे तसंच, शाबासकी मिळेल अशा आशेने. म्हणजे मला शेवटची काढलीस ती तू एकटीने नाही. मीही हात लावला.

मी तुला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर त्या दोन ओळींत आलंय, आणि या वेळी मधे गोड करून सांगायला कुणी नाही. जसं आलं तसं मी घेतलं. तू माझ्याकडून कधी घेतलं नव्हतंस, ते मी तुझ्याकडून घेतलं.

डॉक्टरबाईंना मी आज सांगून टाकलं की लेखिका माझी आई. त्या हसल्या. म्हणाल्या, काहीतरीच काय, त्यांना मूल नाही.

'वाचकास सप्रेम' लिहिलेली जुनी प्रत माझ्याजवळ आहे. ती मी कुणाला वाचायला देणार नाही. नव्या प्रतीचं काय करायचं ते ठरलेलं नाही, बहुतेक दवाखान्याच्या बाकावर ठेवीन, लोकांना हवीच असते.

आता पेटीत हात घालायचं सोडून देते. पण पाकीट बंद करायच्या आधी माझं काम मी करते, ते अंगवळणी पडलंय. नव्या प्रतीतलं ते पान खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं आणि बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. आता कुणाचं काही राहिलेलं नाही.

हात बरोबर.